दारावरची पाटी काढली तेव्हा

गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलच्या दारावर कोंडाजी नऊ वर्षं उभा आहे. गाव पेठकडचं, डोंगरातलं. आधी तो दर हिवाळ्यात द्राक्षाच्या मळ्यांवर कामाला यायचा, मग एका सोसायटीचा वॉचमन झाला. उंची सहा फूट, म्हणून हॉटेलवाल्यांनी त्याला तिथून उचललं. बंद गळ्याचा कोट, पांढरे हातमोजे, काळे बूट. काम दोनच. येणाऱ्याला दार उघडायचं आणि न चालणाऱ्याला दारातच थांबवायचं.

कोण चालतं आणि कोण नाही, हे त्याला ठरवावं लागत नसे. दाराशेजारी पितळी पाटी होती. हाफ पँट, चपला, बिनबाह्यांचे बनियन चालणार नाहीत, असं तिच्यावर कोरलेलं. कोणी हुज्जत घातली की कोंडाजी नुसता पाटीकडे हात करायचा. एकदा एक बिल्डर हाफ पँटीत आला आणि "मला ओळखत नाहीस का रे?" म्हणून ओरडला. कोंडाजीनं पाटी दाखवली. बिल्डर तणतणत गाडीकडे गेला आणि ड्रायव्हरची पँट घालून परत आला. ड्रायव्हर बिचारा दोन तास टॉवेल गुंडाळून गाडीत बसला होता. पेठ रोडच्या आपल्या खोलीत ही गोष्ट कोंडाजी पाहुण्यांना रंगवून सांगायचा.

मागच्या वर्षी नवा मॅनेजर आला, रोहित. वयानं कोंडाजीच्या निम्मा, बोलायला गोड. त्यानं पाटी काढायला लावली.

"काका, आता लोक जिममधून थेट जेवायला येतात. कपड्यांवरून कोणी कोणाला अडवत नाही. येतील तसे येऊ द्या."

"मग अडवायचं कोणाला, सर?"

"ते तुम्हाला बघून कळेलच की."

कोंडाजीला काही कळेना. गुडघ्यावर फाटलेली पँट घातलेला मुलगा कारखानदाराचा निघायचा आणि कडक इस्त्रीतला माणूस विमा विकायला आलेला असायचा. हॉटेलातल्या सगळ्यांचे कपडे सैल झाले. कोंडाजीच्या कोटाचं वरचं बटण तेवढं एप्रिलच्या उन्हातही बंदच राहिलं.

त्याच एप्रिलात त्याची मुलगी हर्षाली नर्सिंग पास होऊन एका दवाखान्यात लागली. कोंडाजीची आई बयाबाई डोळे दाखवायला गावाहून आली होती. हर्षालीनं जाहीर केलं, "बाबा, रविवारी आजीला घेऊन तुमच्या हॉटेलात जेवायला येते."

"अगं, आजीला कसं आणशील? तिचं लुगडं गुडघ्याइतकं. तिथं सगळे बघतील."

"पाटी काढली ना? तुम्हीच सांगितलंत. लोक अर्ध्या चड्डीत येतात, त्यांचे गुडघे चालतात आणि माझ्या आजीचे चालत नाहीत?"

पाटी असती तर कोंडाजीला तिच्याकडे हात करता आला असता.

रविवारी दीड वाजता रिक्षा येऊन थांबली. हर्षाली उतरली, मागून बयाबाई. धुतलेलं लुगडं, डोक्यावरून पांघरलेली कोरी फडकी, गळ्यात चांदीची साखळी. कोंडाजीनं दार ओढून धरलं. बयाबाई मात्र फुलांच्या कुंडीपाशी थांबली, चपला काढल्या, भिंतीकडेला नीट लावल्या आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "कोंडू, पाय धुवाया पाणी कुठं हाय रं?"

तेवढ्यात रोहित बाहेर आला. त्यानं हात जोडले. "या आजी, या." लुगड्याकडे त्यानं एक क्षणही रोखून पाहिलं नाही. पण नजर पायांवर गेली आणि तो घुटमळला.

"काका, आजींना चप्पल घालायला सांगा ना. आत ग्लास फुटतात, गरम काही सांडतं. पायाला लागलं तर काय करायचं? बाकी काहीही घाला, पायात मात्र काहीतरी पाहिजेच. तेवढा एकच नियम उरलाय."

बयाबाईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "चपला घालून जेवाया बसू? अन्नाम्होरं?"

"आई, इथं तसंच असतं."

"असं कसं? तूच म्हणला व्हता, तिथं चपलांना बंदी हाय. मला लय बरं वाटलं व्हतं. म्हटलं, एवढी मोठी माणसं, तरी रीत पाळत्यात."

पाठीमागून कोणीतरी "एक्सक्यूज मी" म्हणालं. बर्म्युडा आणि रबरी स्लिपरमधला एक माणूस, दोन मुलं, बायको. कोंडाजीचा हात सवयीनं गेला आणि दार उघडलं. स्लिपरा चटक चटक वाजत आत गेल्या.

"ही जेवायाच चाललीत का?" बयाबाईनं विचारलं.

"हो."

"आजी, टेबलाखाली काढून ठेवा हवं तर," रोहित हळूच म्हणाला. "तिथं कोणी बघत नाही." त्याच्या परीनं त्यानं वाट काढून दिली होती. त्याच्यावर रागवावं असंही त्यात काही नव्हतं.

हर्षालीचा चेहरा उतरला. "चल आजी, घरी जाऊ. मी तुला घरीच करून घालते."

"गप गं. एवढी हौशीनं आणलीस." बयाबाई मुलाकडे वळली. "तू सांग, कोंडू. तू रोज हितं असतो. तू म्हणशील तसं करते."

मागच्या जिन्यावर नोकरमाणसं जेवतात. पंधरा मिनिटांची सुट्टी. त्यात कोंडाजी आधी बुटांच्या नाड्या सोडतो, मोजे काढतो, मग डबा उघडतो. बाकीची पोरं हसतात. हे तेव्हा आईला सांगता आलं असतं. रोहितलाही सांगता आलं असतं. त्याच्या तोंडून निघालं, "घाल, आई."

तिच्या पायांपुढे चपला सरकवायला तो खाली वाकला. तिनं पाय मागे घेतले. "हात नको लावू. मी घालते." चपला घालून, हर्षालीचा दंड धरून, पाय उचलून उचलून टाकत ती आत गेली.

दाराची काच काळी आहे. बाहेरून आतलं दिसत नाही. गिऱ्हाईक आलं की दार उघडतं आणि मिटेपर्यंत चार-पाच सेकंद मिळतात. पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा कोंडाजीला दिसलं, दोघी कोपऱ्यातल्या टेबलावर, हर्षाली मेनू वाचून दाखवतेय. दुसऱ्यांदा, ताटं आलेली. बयाबाईचे हात मांडीवर. पाय टेबलापुढच्या लाकडी पट्टीच्या आड, त्यामुळे चपला काढल्या की नाही ते कळलं नाही. तिसऱ्यांदा, हर्षाली पुढं वाकून काहीतरी सांगतेय आणि बयाबाईची मान खाली.

मग अडीच वाजले. उन्हाचं कोणी येईना. गिऱ्हाईक नसताना दार उघडायचं नाही, थंड हवा बाहेर जाते. कोंडाजीनं दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि काढला. आई जेवली की तशीच बसलीय, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. कोणीतरी यावं, कसलेही कपडे घालून यावं, म्हणून तो रस्त्याकडे बघत राहिला.