कपडा उघडू नका

"मॅडम, मूल गेलंय. आता तिला सांगण्यासारखं काय उरलंय?"

संगीता सिस्टरने मला भर वर्गात हा प्रश्न विचारला. भिवंडीतल्या एका हॉस्पिटलात लेबर रूमच्या सिस्टर लोकांचं ट्रेनिंग चाललं होतं. विषय असा, की पोटात किंवा जन्मताना बाळ गेलं तर त्या आईशी आणि घरच्यांशी कसं वागायचं. मी नर्सिंग शिकवण्यात उभा जन्म घालवून रिटायर झालेली बाई. असल्या ट्रेनिंगला मला हमखास बोलावतात, कारण माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि चहाला मी वेळेवर सोडते.

संगीता तिथली सगळ्यात जुनी सिस्टर. वज्रेश्वरीकडच्या गावची. हात चपळ आणि तोंड त्याहून चपळ. मी म्हटलं, तू काय बोलतेस ते करूनच दाखव. तिने शेजारच्या पोरीला आई केलं, तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "रडू नको गं. वय हाय तुझं. पुढच्या वर्षी पेढे घेऊन ये." अख्खा वर्ग माना डोलावत होता.

"आणि बाळ दाखवता का तिला?"

"न्हाय हो मॅडम! बघितलं की जीव अडकतो. आम्ही गुंडाळून बापाकडे देतो. त्याला पण सांगून ठेवतो, कपडा उघडू नका, घरी काय बोलू नका. मग ती लवकर विसरते."

यावर माझं तासभराचं भाषण तयार होतं. मी तोंड उघडलं आणि खालून बाईचं ओरडणं ऐकू आलं. पाठोपाठ मेट्रन धापा टाकत दारात आल्या.

"संगीता, खाली चल. तुझी परवाची पेशंट आलीय. बाळ द्या म्हणते."

"कुठली परवाची?"

"जिचं बाळ गेलं, ती."

वर्ग तिथेच संपला. आम्ही सगळ्या खाली धावलो.

कॉरिडॉरमध्ये नाझिया उभी होती. विशीबाविशीची पोर. दोन्ही हात छातीवर घट्ट धरलेले, तरी कुर्ता पुढून ओला झालेला दिसत होता. मागे तिची सासू. नवरा इम्रान, कापडाच्या पॉवरलूमवर काम करणारा, भिंतीला टेकून खाली बघत होता. भोवती ओपीडीची सगळी लाइन येऊन उभी राहिली होती.

"मेरा बच्चा दो," नाझिया म्हणाली. "दूध आया है मुझे. बच्चा मरा होता तो दूध आता क्या?"

सासूने लगेच री ओढली. "मुर्दा बच्चे की माँ सूखी रहती है. जिंदा है, तभी तो दूध उतरा है."

दूध कसं येतं हे मी किती वर्षं फळ्यावर चित्र काढून शिकवलं असेल! बाळ झाल्यावर वार पडली, की शरीर दूध करायला लागतं. दोनतीन दिवसांत छाती भरते. बाळ रडलं की नाही, हे शरीराला कुणी कळवत नाही. ट्रेनिंगला आलेल्या प्रत्येक पोरीने हे परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले. मी जिन्याकडे वळले. सगळ्या तिथेच गोळा झाल्या होत्या.

"हिला घरी सोडताना दूध येईल म्हणून कुणी सांगितलं होतं?"

सगळ्या संगीताकडे बघायला लागल्या.

"कधीतरी कुणाला सांगता का?"

"बाळच न्हाय तर दुधाचं कशाला काढायचं मॅडम?" संगीता पुटपुटली. "जखमेवर मीठ चोळल्यासारखं होतं."

म्हणजे दयेपोटी सांगितलं नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण धक्काच इतका होता की रागाला जागा उरली नाही.

मी नाझियाचं एकेक बोलणं ऐकत गेले. तिच्या बाजूने पाहिलं तर सगळं चोख जुळत होतं. बाळ झालं तेव्हा पडदा ओढला होता. रडणं ऐकू आलं नाही. सासूला बाहेर बसवलं होतं. नवऱ्याच्या हातात बांधलेलं गाठोडं दिलं. घरी आल्यावर तिने त्याला विचारलं, चेहरा पाहिलास का? तो म्हणाला, नाही.

"घर में किसी ने नहीं देखा," ती म्हणाली. "फिर दफन क्या किया इन्होंने? कपड़ा?"

गर्दीतून कुणीतरी बोललं, "बच्चे बेचते हैं ये लोग." झालं. आता दुसरा कुणीतरी मोबाइल वर धरून शूटिंग करायला लागला.

मेट्रन माझ्या कानाशी लागल्या. "शमीम मॅडम, मी डेथचे पेपर आणते. ऐकलं नाही तर सरळ पोलिसांना फोन."

"पेपर कुणी छापला? तुम्हीच ना? मग ती त्याच्यावर विश्वास का ठेवेल?"

"मग काय करू?"

सकाळपासून मी वर्गाला दुःखी माणसाशी बोलायची गोड गोड वाक्यं शिकवत होते. त्यातलं एकही या पोरीसमोर उच्चारायची माझी हिंमत होईना.

नाझिया सासूकडे वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "अम्मी, कब्र खुलवाओ. मैं खुद देखूँगी."

अर्ध्या भिवंडीची बाळंतपणं केलेल्या संगीताने माझा दंड घट्ट धरला. मी मात्र इम्रानकडे बघत होते, कारण 'कब्र' शब्द ऐकल्याबरोबर तो भिंत सोडून पुढे आला होता आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी इथलीच, कोकणी मुसलमानाची लेक. आमच्यात दिवस भरलेलं बाळ असं तसं मातीआड करत नाहीत. आधी त्याला अंघोळ घालतात. आता कपडा न उघडता अंघोळ कशी घालणार?

मी संगीताला बाजूला ओढलं. "या मुलाला तू नेमकं काय सांगितलं होतंस?"

"तेच. उघडू नका. बायकोला काय बोलू नका, तिच्या डोक्यावर परिणाम होईल."

"तो गप्प आहे तो तुझ्यामुळे. जा, तुझा शब्द मागे घे."

"मी? सगळ्यांसमोर?"

"गप्प तूच बसवलंस ना? मग बोल म्हणूनही तूच सांगायचं."

क्षणभर वाटलं, ही काही जात नाही. पण गेली. इम्रानच्या समोर उभी राहिली आणि आपल्या हिंदीत म्हणाली, "भाई, मैं बोली थी ना, घर पे कुछ बोलने का नहीं. वो मैं गलत बोली. तुम देखा है तो बोलो. इसको बोलो."

"आप ही बोली थी सिस्टर, दिमाग पे असर होगा इसके."

"हां, बोली थी. चूक झाली माझी. अब बोलो."

इम्रान नाझियासमोर फरशीवरच बसला.

"मैंने नहलाया उसको," तो म्हणाला. "चाचा पानी डाल रहे थे. हाथ मेरे थे."

नाझियाने हात छातीवरून काढले. "बाल थे?"

"बहुत थे. माथे पे चिपक गए थे."

"आँखें?"

"बंद थीं."

"किसपे गया था?"

"नाक तेरी थी," तो म्हणाला. "पूरी तेरी."

आणि नाझियाने त्याला मारायला सुरुवात केली. खांद्यावर, छातीवर, हात पडेल तिथे. मला वाटलं, खोटं बोलला म्हणून मारतेय. पण ती ओरडत होती, "अकेले देख लिया तुमने? अकेले?"

तो मार खात राहिला आणि रडत राहिला. दफन करून आल्या दिवशीच तो शिफ्टला गेला होता, असं त्याच्या आईने मला नंतर सांगितलं. त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं. मोबाइलवाल्याने मोबाइल कधी खिशात घातला, कळलं नाही. लाइन आपोआप पांगली.

मेट्रननी आपली केबिन रिकामी करून दिली. तिथे संगीताने नाझियाला दुधाचं सगळं समजावलं. दूध कशाने येतं, छाती दुखली तर गार पाण्याची घडी ठेवायची, सारखं पिळून काढायचं नाही, ते हळूहळू आटेल, गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, छाती लाल होऊन ताप आला तर तडक निघून यायचं. नाझियाने सगळं ऐकून घेतलं.

"तो ये उसी का है?" तिने विचारलं.

"हां बेटा. उसी का."

एवढं बोलून संगीता उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. तपासणीला परत कधी यायचं, हे मला सांगावं लागलं.

कबर उघडली गेली नाही. तक्रारही झाली नाही. त्या वॉर्डात आता आईला विचारतात, बाळ बघायचंय का? बापालाही तिच्याजवळ बसवतात. काहीजणी नको म्हणतात, त्यांना जबरदस्ती करत नाहीत. दुधाचं मात्र प्रत्येकीला सांगूनच घरी सोडतात. संगीता अजूनही माझ्याशी वाद घालते, की सगळ्यांना बघणं झेपत नाही. घालू दे. वाद घालणारी सिस्टर विचार तरी करते.

मी माझ्या ट्रेनिंगची सुरुवात बदलली. आईला काय म्हणायचं, हे पूर्वी पहिल्या तासाला शिकवायचे. आता पहिल्या तासाला विचारते, बापाला तुम्ही काय सांगता? बहुतेक ठिकाणी एखादी म्हणते, "त्याला काय सांगायचं मॅडम? त्याच्याकडे बाळ देतो."