एका माणसानं काय होतंय

जगनला मी आजवर तीन वेळा लेबलवरून काढून टाकलंय, आणि तिन्ही वेळा हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर वडापाव खात बसलेला सापडलाय. भांडायचं तरी कुणाशी? समोरचा माणूस निदान उलटून बोलायला तर हवा.

लेबल म्हणजे फार काही समजू नका. रामवाडीत माझं कपड्यांवर छपाई करायचं दुकान आहे. पुढच्या खोलीत गोविंदा पथकांचे टी-शर्ट आणि मंडळांचे झेंडे, आणि मागच्या खोलीत, भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गोधड्या ठोकून, आमचं खाजण रेकॉर्ड्स. पेणपासून रोह्यापर्यंतचे चार पंक बँड मी तिथे रेकॉर्ड करते आणि शंभर-शंभर कॅसेटी काढते. ही रस्त्यावरची आरडाओरड जपून ठेवणारे लोक पुण्या-बंगळुरात आहेत, ते मागवतात. आमच्या आळीतलं मात्र अजून कुणी ना कुणी डोकावून विचारतं, नमिताताई, आत कुणाला मारताय का? मारायची इच्छा होतेच, पण बँडवाल्यांना.

जगनचा बँड ‘उघाडी’. खाडीच्या बांधात पाणी सोडायला-अडवायला लाकडी दार असतं, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. जगन गातो, म्हणजे ओरडतो. अष्टमी गावचा प्रणित गिटार वाजवतो आणि निडीचा साईराज ड्रम. तिघेही रोह्याकडच्या कंपन्यांत कंत्राटावर. एकाची पहिली शिफ्ट, दुसऱ्याची दुसरी, तिसरा रात्रपाळी करून आडवा झालेला. तिघांना एका वेळी एका खोलीत आणता आणता माझ्या नाकी नऊ येतात. त्यातल्या त्यात ते दोघं निदान फोन करून कळवतात. जगन? कुणाच्या म्हशीला इंजेक्शन द्यायचंय, कुणाच्या आजीला पेणला डॉक्टरकडे न्यायचंय, कुणाची पत्र्याची शेड उडालीय, की हा गेलाच! ‘नाही’ हा शब्द त्याच्या तोंडात देवाने घातलेलाच नाही. शेवटी वैतागून मी तालमीची वही केली आणि त्याच्या नावापुढे लाल पेनाने ‘गैरहजर’ लिहायला लागले. त्याने ती वही चाळली, म्हणाला असली वही आमच्या गावात पण हाय, आणि त्यावर गाणंच करून आणलं. आता बोला.

त्याचं गाव खाडीकाठी आहे. खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा बांध घातलेला. उधाणात बांध फुटून खांड पडली की ओहोटीच्या तीन-चार तासांत ती बुजवायची, आणि त्यासाठी दर ओहोटीला प्रत्येक घरातून एक माणूस गेलाच पाहिजे. कोण आलं नाही ते केरूकाका वहीत लिहितात आणि दुसऱ्या दिवशी देवळापुढे भोंग्यावर वाचतात. दंड नाही, शिव्या नाहीत, नुसतं घराचं नाव आणि पुढे ‘गैरहजर’. जगनचे वडील दिनानाथ मिठागरात राबले. ते होते तोवर आणि ते गेल्यावरही ‘दिनानाथाचं घर’ त्या यादीत एकदाही आलं नाही. आता त्या घरात दोनच माणसं, जगन आणि गुडघे धरून बसलेली त्याची आई गिरजाबाई.

गाण्यात जगन ती यादी वाचतो. मागच्या खांडीची, खरीखुरी. एक घर, ‘गैरहजर’, की बाकीचे दोघं बोंबलणार, ‘एका माणसानं काय होतंय!’ कारण न आलेला प्रत्येक जण हेच सांगतो. मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, अरे, नावं तरी बदल, तुला त्याच गावात राहायचंय. तर म्हणतो कसा, “खोटी नावं कोनाला लागतील, ताई?”

पण गाणं असं होतं की माझ्या इतक्या वर्षांच्या कॅसेटींत त्याच्या जवळपास जाणारं एक नाही. आणि नेमकं तेच रेकॉर्ड करायचं राहिलं. तेवढ्यात साईराजला गुजरातेत कायमची नोकरी लागली आणि सोमवारी सकाळी तो निघणार असं ठरलं. तिघं एकत्र मोकळे असतील अशी एकच वेळ उरली, रविवारी दुपारी चारची. ती हुकली की गाणं गेलं आणि बँडही गेला. मी जगनला शपथ घालून सांगितलं, रविवारी जग बुडालं तरी चालेल, तू यायचंस.

शनिवारी पौर्णिमा होती. गणपती आदल्याच दिवशी गेलेले, शेतात भात पोटरीला आलेलं. दुपारच्या उधाणाला बांध फुटला. त्याच दिवशी फुटायचा होता त्याला!

रविवारी साडेतीनला प्रणित आणि साईराज तयार होऊन बसले होते, आणि जगनचा फोन आला. पाणी उतरतंय ताई, बांधावर जायाला पायजे. माझं डोकंच फिरलं. सगळ्या लाल शेऱ्यांचा राग एकदम वर आला. साऱ्या गावाचं तूच बघणार का, म्हटलं, साईराज उद्या जातोय, हे गाणं मला कोण आणून देणार? आणि त्याच तिरमिरीत तोंडातून निघून गेलं, “एका माणसानं काय होतंय रे?”

“येतो,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

आला. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आला. पायांना चिखलाचा ठिपका नाही. मला तर, खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखंच वाटत होतं. गाणं पहिल्याच फटक्यात जमलं. एकेक घर करत यादी संपली, साईराजने शेवटचा ठोका द्यायला हात उचलला, पण जगन थांबला नाही.

“दिनानाथाचं घर,” तो ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला, “गैरहजर!”

प्रणित आणि साईराज एकमेकांकडे बघत राहिले. पुढची ओळ कुणी बोंबललं नाही. ती मी आधीच म्हणून बसले होते.

मी म्हटलं, शेवटचं ते कापून टाकते. नको, म्हणाला, खरं हाय ते. साईराजला त्याने मिठी मारली आणि चहाला न थांबता निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला तेव्हा कळलं, त्या ओहोटीला खांड बुजली नाही, माणसं कमी पडली. सोमवारी सकाळी केरूकाकांनी यादी वाचली तेव्हा जगन कामावर पोचला होता. कंपनीत शटडाऊन, म्हणजे यंत्रं थांबवून दुरुस्ती, आठवडाभर बारा-बारा तासांची शिफ्ट, दांडी मारली की गेट पास रद्द. म्हणजे यादी ऐकायला ओट्यावर गिरजाबाई एकटी. आणि संध्याकाळच्या ओहोटीला त्यांच्या घरातून पुन्हा कुणी जाणार नव्हतं.

दिवसभर मी टी-शर्ट उलटे छापले. मला राग आला होता, बांधाचा, कंपनीचा, त्या येड्या जगनचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. चारला दुकानाचं शटर ओढलं आणि रिक्षा करून खाडीवर गेले. बांधावरून खाली उतरताना पहिल्याच पावलाला चप्पल चिखलात गेली ती गेलीच. गुडघ्यापर्यंत रुतलेली, हातात साडीचा घोळ, अशी मी माणसांच्या रांगेपाशी पोचले. बायका हसत होत्या. हसू देत.

केरूकाका वही घेऊन उभे होते. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. गावात मला ओळखणारं कुणी नव्हतं.

“कोनाचं घर?” त्यांनी विचारलं.

“दिनानाथाचं,” मी म्हटलं. “लिहा, एक माणूस.”