तुकारामची बाकीची मतं

तुकाराम देवगडचा. आखातातल्या अल सुलैच्या आमच्या कामगार कॅम्पात पाइप फिटर. आठवडाभर यार्डात त्याला हेल्मेटवरच्या नंबरानं हाक मारतात. सुट्टीच्या शुक्रवारी मात्र कंपनीच्या बसनं तो मेसचा बाजार आणायला शहरात बत्ह्याला जायचा, आणि तिथला मासळीवाला लांबूनच "आओ तुकारामसेठ" म्हणायचा. आम्ही त्याला चेष्टेनं मेसमंत्री म्हणत असू. हे पद गेलं तर हा माणूस खचेल, हे आम्हाला ठाऊक होतं.

त्या वर्षीच्या मेसमंत्र्याच्या निवडणुकीत त्याच्यासमोर सांगलीचा रोशन इलेक्ट्रिशियन उभा राहिला. मासे कमी, चिकन जास्त, एवढाच त्याचा जाहीरनामा. पण शिफ्टा वेगवेगळ्या. सगळे एका वेळी मेसमध्ये सापडणार कधी आणि हात वर करणार कधी?

तोडगा काढला यज्ञेशसाहेबांनी. हे हेड ऑफिसातले कॉम्प्युटरवाले, शुक्रवारी आमच्याकडे कालवण हाणायला येतात. अमेरिकेची निवडणूक नुकतीच झालेली, त्यामुळे त्यांच्या अंगात तीच संचारली होती. म्हणाले, "तिथं प्रत्येक राज्याला खासदार तितकी मतं असतात, आणि राज्य लहान असो की मोठं, वर दोन. राज्यात जो पुढे, त्याला ती सगळी मिळतात. दोनच राज्यं वाटून देतात. तुम्ही तसंच करा. खोली म्हणजे राज्य. माणसं तितकी मतं, वर दोन."

आम्हाला काहीएक कळलं नाही. तुकाराम मात्र खूश झाला, कारण आमची खोली सगळ्यात मोठी. कोकणातून कोणीही नवा आला की कॅम्प बॉसच्या मागं लागून तो त्याला आमच्याच खोलीत ओढायचा. गाववाला परक्यांत झोपता कामा नये, हा त्याचा हट्ट. असे आम्ही दहा जण जमलो होतो. बाकीच्या चार खोल्यांत सहा-सहा.

निकाल लागला. आमच्या दहाही जणांनी तुकारामला मत दिलं, म्हणजे बारा. मालवणी पोरांच्या दुसऱ्या खोलीनंही एकमतानं त्यालाच दिलं, आठ. एकूण वीस. उरलेल्या तीन खोल्यांत रोशनला चार-चार, तुकारामला दोन-दोन. तिन्ही रोशनच्या. आठ त्रिक चोवीस. खलास!

तुकाराम बोटांवर मोजत बसला. "माका बावीस माणसांनी दिल्यानी, तेका बारा. मगे मी हरलंय कसो? माजी बाकीची मतां खंय गेली?"

यज्ञेशसाहेबांनी पुन्हा समजावलं. मला वाटतं, समजावता समजावता तेही गोंधळले. शेवटी म्हणाले, "तिथंही असं कधीकधी होतं," आणि पाणी प्यायले. मला भयंकर राग आला. दहाच्या दहा मतं देऊन आम्ही काय पाप केलं होतं?

पुढच्या शुक्रवारी बाजाराच्या पिशव्या घेऊन रोशन बसमध्ये चढला. तुकाराम फाटकापाशी उभा होता. तेवढ्यात रोशननं जिंकलेल्या तीन नंबरच्या खोलीतला बिहारी हनीफ त्याच्याजवळ आला.

"तुकारामभाई, हमने तो आप ही को दिया था."

"मेरे कू? कायकू?"

"बुखार में आपने पेज बनाके पिलाया था ना."

तुकारामला ते आठवेनासुद्धा. मग त्याचे डोळे भरले. त्याला मत देणारी परकी माणसंही होती, आणि त्यांचीच मतं रोशनच्या पारड्यात पडली होती.

संध्याकाळी तो गादी गुंडाळायला लागला. तीन नंबरमध्ये नुकत्याच दोन नव्या खाटा टाकल्या होत्या. कॅम्प बॉसला विचारून आला होता.

"आमका सोडून चललंस?" मी ओरडलो.

"तुमी माजेच रे. तुमची मतां हय ढीग करून काय करू? हनीफ नि तेचो सोबती थंय एकटे पडतत." तो दारात थांबला. "आणखी एक खाट मोकळी आसा. आमी चार झालो की रोशनच्या चारांशी निदान बरोबरी."

एकमतानं निवडून देणारे आम्ही सगळे मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलो. खिडकीजवळची माझी खाट, गावच्या गप्पा, सगळं सोडून जायचं, तेही पुढच्या वर्षीच्या बरोबरीसाठी?

यज्ञेशसाहेबांना, अमेरिकेला आणि तुकारामला शिव्या घालत मी माझी गादी गुंडाळायला घेतली.