सहाव्या पाण्यापर्यंत

ज्या माणसाने उभा जन्म साबण विकला, त्याने माझ्या आत्याची जीभ गेली असं ठरवलं आणि तसं पत्र मलाच टाइप करायला लावलं. नुसतं आठवलं तरी आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आत्या आमच्या चहाच्या कंपनीत चव घ्यायची. एकतीस वर्षं. चवीच्या खोलीत एक लांब ओटा, त्यावर चिनीमातीच्या बुटक्या किटल्या आणि प्रत्येकीपुढे एक वाटी. पान तोलून टाकायचं, वर उकळतं पाणी, पाच मिनिटं थांबायचं आणि वाटीत ओतायचं. आत्या चमच्यातून असा भुरका मारायची की जिन्यात ऐकू यावा. मग पिकदाणीत थुंकून एका शब्दात निकाल. "शिळा." "करपला." "घ्या." तासाला चाळीस वाट्या उरकायच्या असत, त्यामुळे पान एकदा भिजलं की बादलीत फेकायचं, हा आमचा नियम. घरी मात्र तिला चहा द्यायला सगळे टरकायचे. "वहिनी, हा चहा आहे की शिक्षा?" असं ती माझ्या आईला तोंडावर विचारायची.

नवे साहेब साबणाच्या कंपनीतून येऊन तीनच महिने झाले होते. भर उन्हाळ्यातही गळ्यात टाय, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना टायसाहेब म्हणायचे. मध्यंतरी आत्या दहा दिवस तापाने पडली होती, तेवढं मात्र त्यांनी नेमकं लक्षात ठेवलं.

मग तैवानहून तो पांढरा चहा आला. तो ज्या झाडाचा होता, त्याच्या पानांचा एरवी काळा चहा करतात. इथे पानं न चुरता, न मळता नुसती सुकवलेली होती, अख्खी आणि वेडीवाकडी. आत्याने पहिल्या पाण्याचा भुरका घेतला, थुंकली आणि म्हणाली, "इतक्यात काही सांगता येणार नाही. पानं टाकू नका."

टायसाहेबांनी स्वतः चमचा उचलला. "हे तर नुसतं गरम पाणी आहे! बाई, तुम्हाला चव लागत नाहीये का?"

"लागतेय. या पानाला घाई चालत नाही, साहेब."

"पाच मिनिटांत निकाल द्यायचा तुम्हाला पगार मिळतो. जमत नसेल तर तापात तुमची जीभ गेली, असंच म्हणावं लागेल."

चारचौघांत बोलले ते. दुपारी मला बोलावून त्यांनी मजकूर सांगितला. प्रकृतीच्या कारणास्तव आत्याची बदली पॅकिंग विभागात, खोक्यांवर लेबलं चिकटवायला. मी तोंड उघडायला हवं होतं. मी मूग गिळून टाइप केलं.

पत्र घेऊन गेले तेव्हा आत्या त्याच पानांवर सहाव्यांदा पाणी ओतून बसली होती. तिने पत्र वाचलं, घडी घातली आणि वाटी माझ्या हातात दिली.

"पी. थुंकू नकोस." मग बोटांवर मोजायला लागली. "पहिल्या पाण्यात ओलं गवत, बस. दुसऱ्यात मध. तिसऱ्यात दालचिनी, अगदी पुसट. चौथ्याने घसा गार पडतो, पुदिना खाल्ल्यासारखा. पाचव्यात जर्दाळू. आणि या सहाव्यात लाकडाचा गोडवा. असं पान मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि त्या शहाण्याला म्हणे गरम पाणी!"

मला ते गोड लागलं, एवढंच कळलं. आत्या तशीच उठली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "जीभ गेली म्हणता ना? तपासून तरी बघा."

साहेबांना तमाशाच हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेजारच्या खोलीत स्वतः सहा पाणी काढली, वाट्यांच्या बुडाला आकडे चिकटवले आणि थंड झाल्यावर त्या उलटसुलट मांडल्या. रंगावरून ओळखू नये म्हणून आत्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. पॅकिंगची माणसंही दारात गोळा झाली. किती अपमान करावा माणसाचा!

"हे चौथं," आत्या म्हणाली. साहेबांनी वाटी उचलून बूड पाहिलं, चार. "हे पहिलं. हे तिसरं." बरोबर. पाचवं बरोबर, दुसरं बरोबर. शेवटच्या वाटीपाशी ती थांबली. एकदा प्यायली, पुन्हा प्यायली. साहेब गालात हसले. उरलं ते सहावंच, मग ही बोलत का नाही?

"हे सहावं नाही," आत्या म्हणाली. "दमलेल्या पानांत ताजी चिमूट टाकलीय कुणीतरी. खाली लाकूड आहे आणि वर कोवळं गवत."

"टाकली की!" गरम पाणी आणून देणाऱ्या मावशी मागून बोलल्या. "साहेबांनीच टाकली, माझ्यासमोर. मला वाटलं, अशीच रीत असेल."

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "परीक्षा जरा कडक घेतली, इतकंच," असं म्हणून त्यांनीच टाळ्या सुरू केल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या, मीही वाजवल्या. पत्र तिथल्या तिथे फाडलं गेलं आणि तो चहा घ्यायचं ठरलं.

मी जिन्यात तिला गाठलं. "आत्या, जिंकलीस!"

ती गर्रकन वळली. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "कसलं जिंकले गं? एकतीस वर्षं माझ्या शब्दावर यांची खोकी भरली. आणि आज डोळे बांधून नाचवलं मला. अस्वल आहे का मी? वर तूही टाळ्या वाजवत होतीस."

मी खाली पाहिलं.

"आज मला साधी सर्दी झाली असती तर?" तिने विचारलं.

तसं झालं असतं, तर पत्राची प्रत पॅकिंग विभागात नेऊन द्यायला मीच गेले असते.