‘अंदाजे’ लिहायचं राहिलं

गणपतराव गेल्याचं शाळेच्या शिपायानं सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, “सुटला!” मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, कळतं मला. पण महिना होत आला तरी राग उतरत नाही... आणि या श्रद्धांजलीत गोडगोड लिहिलं, तर ते वरूनही चूक काढतील.

परतूरच्या शाळेत ते हेडमास्तर, मी त्यांच्या हाताखाली मास्तर. आमच्याकडं पोराची जन्मतारीख कोण लिहून ठेवतंय? जूनमध्ये बाप पोराला घेऊन यायचा, मास्तर पोराकडं बघून साल ठरवायचे आणि रजिस्टरात एक जून टाकून मोकळे व्हायचे. अर्धा तालुका एक जूनला जन्मलाय! माझा धाकटा भाऊ सुदामही त्यातलाच, खुद्द गणपतरावांच्या हातचा.

या सुदामला रेल्वेत गँगमनची नोकरी लागत होती. रजिस्टराप्रमाणं वय दोन महिन्यांनी जास्त भरलं. माय म्हणायची, पोरगं त्या सालच्या दिवाळीचं. म्हणजे पाच महिन्यांनी लहान! मायला घेऊन मी शाळेत गेलो. गणपतरावांनी विचारलं, “काकू, दिवाळी पक्की आठवते?” माय भोळी. म्हणाली, “दिवाळी व्हती का त्याच्या आधीची सक्रांत, आता काय सांगू मास्तर. तुमी लिवाल तेच खरं.”

झालं! रजिस्टर मिटलं.

मी भडकलो. “एक जून तरी खरं हाये का? तुमीच ठोकून दिलं ना?”

“तेव्हा अंदाज होता, रामभाऊ. आज बदललं तर ते जाणूनबुजून खोटं होईल. माझी चूक एवढीच, ‘अंदाजे’ लिहायचं राहिलं.”

“एका पोराचं भलं होऊन राह्यलंय. तुमचं काय जातं?”

“सगळ्यांनी असंच केलं तर रजिस्टर कशाला ठेवायचं?”

हे त्यांचं पालुपद. कुणा जर्मन पंडिताचं फाटकं पुस्तक त्यांच्या खणात असायचं, त्यातून उचललेलं. जे सगळ्यांनी केलेलं चालणार नाही, ते आपण एकट्यानं करायचं नाही. फायदा-तोटा बघून कर्तव्य ठरवायचं नाही. माणसाला कधी नुसतं साधन करायचं नाही. मी म्हणालो, “मंग माझा भाऊ माणूस न्हाई का? तुमच्या खरेपणाचं साधन केलं तुमी त्याला!” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

सुदाम आज धान्याच्या मोंढ्यात पोती उचलतो.

बरं, माणूस दुटप्पी असता तर मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यांचीही तारीख एक जूनच! थोरली बहीण शपथेवर सांगायची, गणपत रजिस्टरापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. दोन वर्षं नोकरी वाढली असती. मी अर्ज लिहून टेबलावर आपटला. म्हणाले, “अक्काला तरी कुठं पक्कं आठवतंय?” आणि निवृत्त होऊन गेले घरी. शाळेवाचून माणूस आठ महिन्यांत खलास. काय मिळवलं?

सुदामनं त्यांना खांदा दिला.

मृत्यूची नोंद करायला आम्ही दोघंच गेलो. अक्कानं त्यांचं पेन मला दिलं होतं, तेच खिशात होतं. कारकून म्हणाला, “वय?” अक्का म्हणते छप्पन्न, रजिस्टर म्हणतं अठ्ठावन्न. मी लिहिलं, ‘अंदाजे अठ्ठावन्न’.

“मास्तर, अंदाजे चालत न्हाई. सरळ आकडा टाका.”

सुदाम म्हणाला, “टाक ना दादा. तुझं काय जातं?”

असा संताप आला! कुणाचा, ते सांगता येत नाही. कारकुनानं कागद फाडून दुसरा पुढं केला. मी त्याच्यावरही ‘अंदाजे’ लिहिलं.