जपानचे इवाई

जबलपुरात मराठी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या सोयरिकी नागपूर, भंडारा, बालाघाट, फार झालं तर रायपूरपर्यंत पोचलेल्या आहेत. थेट जपानशी सोयरीक असलेला माणूस मात्र अख्ख्या शहरात एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मी मूळचा अमरावतीचा. बँकेच्या बदलीने इथे आलो, राइट टाउनमध्ये खोली घेतली, मग मुलगी पाहिली, आणि मुलीसोबत हे मामाजी आले. लग्नाआधी मला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता.

मामाजींची सगळी नोकरी इथल्या सरकारी मोटार कारखान्यात गेली, तपासणी विभागात. फौजेसाठी जी जोंगा नावाची जीप जबलपुरात बनायची ती मूळ एका जपानी कंपनीची. नकाशे तिकडून आले, गाडी इकडे बनली आणि डोंगरदऱ्यांत फौजेबरोबर हिंडली. एवढ्यावरून तुम्हीआम्ही म्हटलं असतं की कंपनीने परवाना दिला. मामाजी म्हणतात, "पोरगी त्यांची, नांदली आपल्या घरी. मग ते आपले इवाई नाही तर कोण होय?" इवाई म्हणजे व्याही. आणि व्याह्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं असं मामाजींनी स्वतःच ठरवून टाकल्यामुळे त्या कंपनीचं नाव त्यांच्या घरात उच्चारलं जात नाही. टीव्हीवर जाहिरात लागली तर ते सावरून बसतात, एवढंच. त्यांच्या सहवासात राहून आता मलाही ते नाव घेणं जड जातं, म्हणून इथेही घेत नाही.

नाव घेत नसले तरी खानदानाची माहिती त्यांच्याइतकी त्या खानदानालाही नसेल. घमापुरातल्या त्यांच्या घरी रविवारी सकाळी गेलं की पोह्यांसोबत इवायांची कुळकथा मिळते. तिघा भागीदारांनी आपापल्या नावाचं एकेक अक्षर काढून पहिल्या गाडीला नाव दिलं. पुढे लहान गाडी काढली तेव्हा तिला त्या तिघांचा पोरगा म्हणायचं ठरलं, पण इंग्रजीतला तो 'सन' म्हणजे पोरगा, जपानीत 'सन' म्हणजे नुकसान निघाला. मग एक अक्षर बदलून पोराचा सूर्य केला. "पाहा बावा, बारशालाच केवढी समज," असं म्हणून मामाजी दुसऱ्यांदा पोहे घेतात. मग लढाई, मग लढाईत सगळं बसलं, मग पुन्हा उभं राहिलं, मग ट्रक, मग जीप. जीप येईपर्यंत माझा चहा गार होतो. मी कधीतरी मध्येच घड्याळ पाहिलं तर ते अजिबात रागावत नाहीत. फक्त ट्रकपासून पुन्हा सुरू करतात.

त्यांच्याकडे स्वतःची जोंगा आहे. फौजेच्या लिलावात घेतलेली, हिरवी, सहा सिलिंडरची. घमापूरच्या गल्लीत ती शिरत नाही, म्हणून विहाराच्या मैदानात लिंबाखाली उभी असते आणि मामाजी सकाळ-संध्याकाळ तिला भेटायला जातात. घाट चढताना ती उसासा टाकत नाही हे खरं, मी बसलोय. पण पेट्रोल फार पिते. मी एकदा किती देते म्हणून विचारलं तर मामाजींचा चेहरा पडला. "जावईबापू, सुनेच्या ताटातल्या पोळ्या कोणी मोजते का?" तेव्हापासून विचारलं नाही. मी स्वतः घेतलेली गाडीही जपानीच आहे, दुसऱ्या कंपनीची. मोठ्या उमेदीने दाखवायला नेली. मामाजींनी चारी बाजूंनी फिरून पाहिली आणि म्हणाले, "चांगली हाय. पण हे लोक इवायाचे भाऊबंद. त्यांच्याशी आपलं जाणं-येणं नाही." त्या गाडीत ते आजवर बसलेले नाहीत.

माणसाची पारख ते गाडीच्या दारावरून करतात. मला बघायला आले तेव्हा ना पगार विचारला ना शिक्षण. मैदानात नेलं, जोंगाचं दार उघडलं आणि म्हणाले, लावा. मी घाबरून हळू लावलं. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि बायकोच्या घरच्यांना सांगितलं, "पोरगा ठीक हाय. आपटत नाही आणि अर्धवटही सोडत नाही." माझं लग्न त्या आवाजावर झालेलं आहे. बायकोशी कधी वाजलं आणि मी खोलीचं दार जरा जोरात लावलं तर ती आतून म्हणते, मामाजींना सांगू का?

जपानी भाषा त्यांना येते. म्हणजे नकाशांवर जेवढी होती तेवढी येते. त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादांनी सुरुवातीच्या दिवसांत आलेल्या जपानी इंजिनियरांकडून तीस-चाळीस शब्द घेतले होते, ते मामाजींना दिले. हिदारी म्हणजे डावीकडे, मिगी म्हणजे उजवीकडे, आबुरा म्हणजे तेल. पाहुण्याला डोक्याचं तेल देतानाही ते आबुराच देतात. कमानिया गेटच्या गर्दीत जोंगा अडकली की खिडकीतून हात काढून ओरडतात, "मिगी, भैया, मिगी!" आणि तिथले रिक्षावाले बिचारे इतक्या वर्षांत शिकले, उजवीकडे होतात. पण सगळ्यांत लाडका शब्द योशी. तिकडे कामगार एकेका वस्तूकडे बोट दाखवून, ठीक आहे म्हणून मोठ्याने 'योशी' म्हणतो, मगच पुढे जातो. मामाजी घराबाहेर पडताना गॅसकडे बोट दाखवतात, योशी. खिडकी, योशी. कुलूप, योशी. शेवटी मामीजींकडे बोट दाखवतात. मामीजी म्हणतात, "जा आता, मी कुठी जाऊन नाही राहिली."

इथवर सगळी गंमत. पण या सोयरिकीत एक गाठ अशी होती की तिच्याविषयी बोलताना मामाजींचा आवाज उतरायचा. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक जपानी नकाशाच्या कोपऱ्यात एक गोल शिक्का असे, आत दोन अक्षरं. उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ये वहाँ के साहब की मुहर है. इनके पास किए बिना कागज़ इधर नहीं आता." नकाशा घरी आणायची सोय नव्हती, फौजेचं काम. म्हणून मामाजींनी ती दोन अक्षरं बघून बघून हाताला पाठ केली. गाडीच्या काचेवरच्या धुळीत, वर्तमानपत्राच्या कडेला, लग्नपत्रिकांच्या पाठीवर ते ती काढत. आपल्या हातून गेलेली प्रत्येक गाडी आधी या माणसाच्या नजरेखालून गेली, हे त्यांच्या मनात फार खोल होतं. खरा इवाई त्यांच्या लेखी कंपनी नव्हती, हा शिक्केवाला होता. आणि त्याचं नाव त्यांना वाचता येत नव्हतं.

आपल्या मुलीच्या लग्नात त्यांनी मंडपाचे नट स्वतः तपासले, पंख्यांना योशी केलं, आणि आहेर सुरू झाला तेव्हा पहिली शाल त्या शिक्केवाल्यासाठी बाजूला काढून ठेवली. भंडाऱ्याचे खरे व्याही समोर बसलेले, त्यांना दुसरी दिली. ते जरा घुश्श्यात होते, पण जपान म्हटल्यावर काय बोलणार? ती शाल तेव्हापासून पेटीत आहे. मामीजी दर दिवाळीला ऊन दाखवतात आणि म्हणतात, "पंचवीस वर्षं झाले, डांबराच्या गोळ्या खाऊन राहिली ही." मी एकदा म्हटलं, मामाजी, मोबाइलवर फोटो काढून अक्षरं वाचता येतात आता. तर म्हणाले, "मोबाइलनं इवायाचं नाव सांगावं? माणसानं सांगितलं पाहिजे, जावईबापू."

गेल्या हिवाळ्यात बातमी आली की नागपूरहून सारनाथला निघालेले एक जपानी भंतेजी आणि चार-पाच उपासक वाटेत एक दिवस घमापूरच्या विहारात थांबणार आहेत. मामाजींनी जोंगा तीनदा धुतली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईने तो शिक्का मोठा करून काढला, चार पुठ्ठे वाया घालवून. आदल्या दिवशी संध्याकाळी मला बोलावून घेतलं. "बहात्तर झाले मले. नाव माहीत नसलेल्या माणसाले मान कसा देऊ, सांगा. उद्या नाव कळलं की त्याच्या नावानं शाल धाडून देतो. मग मी मोकळा." त्यांचा हात पुठ्ठ्यावर होता. मी काही थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, खीर झाली. पाहुण्यांसोबत नागपूरची एक मुलगी होती, जपानी शिकलेली. पाहुण्यांत एक म्हातारे गृहस्थ होते, मामाजींच्याच वयाचे, तिकडे भाजीचं दुकान चालवलेले. मामाजींनी त्यांच्या हातात पुठ्ठा दिला, वाकून नमस्कार केला आणि शाल आणायला घराकडे पळाले. खरंच पळाले. म्हाताऱ्यांनी पुठ्ठा लांब धरून वाचला, मुलीशी दोन वाक्यं बोलले. ती माझ्याकडे वळली. "काका, हे कोणाचं नाव नाहीये. 'तपासून झालं' असं लिहिलंय. असा शिक्का तिकडे कारखान्या-कारखान्यांत असतो म्हणतात. तपासणारा कोणीही मारतो."

समोरून मामाजी येत होते, शाल दोन्ही हातांवर आडवी धरून. खोटं कशाला सांगू, तेवढ्या वेळात मी एक नाव तयार केलं होतं. तीन अक्षरी, ऐकायला जपानी. या माणसाच्या पन्नास वर्षांपुढे माझं एक खोटं म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं. मामाजी आले, माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "दार अर्धवट लागून राहिलं तुमचं. काय हाय ते सांगा."

मी सांगितलं.

मामाजी विहाराच्या पायरीवर बसले. शाल मांडीवर, पुठ्ठा शेजारी. पुठ्ठ्यावरच्या अक्षरांवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण जावयाने मामसासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवायची रीत नाही, म्हणून नुसता जवळ उभा राहिलो. मग ते म्हणाले, "माझ्या शिक्क्यावर काय होतं, माहीत हाय? सत्तेचाळीस. बस. हजारो गाड्यांच्या कार्डांवर मारला. कोण्या जवानाले माहीत हाय का, सत्तेचाळीस कोण होय?" मग पुठ्ठा उचलून म्हणाले, "मी त्याले साहेब समजत होतो. तो तर तपासणीवाला निघाला. आपल्यातलाच." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले, लपवले नाहीत.

मग उठले. ती शाल त्यांनी त्या म्हाताऱ्या भाजीवाल्यांच्या खांद्यांवर घातली आणि मुलीला म्हणाले, "यांना सांग बेटा, आमच्याकडे इवायाच्या गावचं माणूस आलं तरी त्याले कोरडं धाडत नाहीत." तिने ते कसं सांगितलं कोण जाणे, म्हातारे कमरेत वाकले, मामाजी वाकले, पुन्हा ते वाकले. शेवटी मामीजींनी थांबवलं. म्हाताऱ्यांना जोंगात बसायचं होतं. शाल सांभाळत ते चढले आणि दार लावलं. आपटलं नाही, अर्धवट सोडलं नाही. मामाजींनी सवयीने बोट दाखवलं, "योशी." म्हातारे दचकले. मग आतून त्यांनीही दाराकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "योशी." त्यानंतर मैदानाला दोघांनी पाच फेऱ्या मारल्या. मामाजी हिदारी म्हणायचे, म्हातारे हिदारी म्हणायचे, आणि गाडी डावीकडे वळायची. सारनाथकडची रेल्वे गाठायची असल्याने भंतेजींना घाई होती, पण त्यांनी वाट पाहिली.

आता नातीचं लग्न ठरलं आहे. पत्रिका लिहायला मामाजींनी मलाच बसवलं, माझं अक्षर बँकेचं म्हणून. पहिली पत्रिका इवायाची, हे ठरलेलंच. मोबाइलवर कंपनीच्या मुख्य कचेरीचा पत्ता काढून मी पाकिटावर उतरवला आणि वर नाव काय घालू म्हणून विचारलं. "तपासणीवाले, जपान," मामाजी म्हणाले. मी म्हटलं, मामाजी, हे पोचेल कसं? ते म्हणाले, "काहून नाही पोचणार? तपासणीत कोणी ना कोणी तर बसलेलं असेल." मग पेन माझ्या हातातून घेतलं आणि पत्रिकेखाली सहीच्या जागी, जिथे बाकी सगळ्या पत्रिकांवर पूर्ण नाव आहे, तिथे सावकाश 'सत्तेचाळीस' असं लिहिलं. मामीजी नवी शाल घेऊन आल्या होत्या. ती त्यांनी तपासणीवाल्यांच्या नावाने पेटीत ठेवली.

पाकीट मीच पोस्टात नेलं. तिकिटं लावली, पेटीपाशी उभा राहिलो. उत्तर येणार नाही हे मला माहीत आहे, आणि मला वाटतं मामाजींनाही माहीत आहे. पाकीट आत सोडलं, आजूबाजूला कोणी पाहत नाही ना हे बघून घेतलं, आणि पेटीकडे बोट दाखवून हळूच म्हटलं, योशी.