पंचेचाळीस मिनिटांचं सुवर्णपदक

आमच्या घराण्यात आजवर कुणी आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक जिंकलेलं नाही. पण ते जिंकल्याचा जल्लोष आम्ही पंचेचाळीस मिनिटं केलेला आहे. हलगी, गुलाल आणि माईकसह. त्या जल्लोषाला सर्वस्वी जबाबदार असलेला इसम म्हणजे मी.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., बी.एड. कुंभार पिंपळगावजवळच्या आमच्या गावात हायस्कुलात गणित शिकवतो. आई-आप्पांनी आणि आमच्यातच राहणाऱ्या आत्यानं उन्हातान्हात राबून मला शिकवलं. त्याची फेड मी जमेल तशी करतो. म्हणजे घरात इंग्रजीत जे काही येईल ते वाचून दाखवतो. फवारणीच्या औषधाची बाटली, आईच्या गोळ्यांचं पाकीट, विम्याचा कागद. (विम्याचा कागद मलाही कळत नाही, पण मी मान डोलावत वाचतो, त्यानं घरच्यांना धीर येतो.) त्यामुळे माझा धाकटा भाऊ अमोल परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेत, पन्नास मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा ती शर्यत घरच्यांना समजावून सांगायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

अमोल पोहायला शिकला आमच्याच विहिरीत. पुढं त्याला पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात घालायचं डोकं माझं. आप्पांना ते कधीच पटलं नव्हतं.

"नदीत म्हशी बी पोहतात," ते म्हणायचे. "त्यांला कुणी पदक देतंय का? दूध देत्यात म्हणून दावणीला हायेत."

या खेपेला तर त्यांनी जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत अमोलसाठी नोकरी बोलून ठेवली होती. तिथं त्यांचा मावसभाऊ सुपरवायझर. शर्यत शुक्रवारी आणि नोकरीवर हजर व्हायचं सोमवारी. आप्पांनी मला समोर बसवून अट घातली.

"पहिल्या तिघांत आला, तर पोहू दे त्याला. मी तोंड उघडणार न्हाई. न्हाई आला, तर परत आल्या आल्या कंपनीत. मास्तर, तुझ्यासमोर सांगून राह्यलो. मंग मला शिकवायचं न्हाई."

म्हणजे बावीस सेकंदांत अमोलचं आयुष्य ठरणार होतं, आणि माझी अब्रूही.

शुक्रवारी दुपारी शेजारचे सलीमचाचा त्यांच्या मंडप-डेकोरेशनच्या दुकानातला प्रोजेक्टर घेऊन आले. खिडक्यांना गोणपाट लावून ओसरी काळोखी केली. भिंतीवर लावायला पांढरी चादर हवी होती. आईनं पेटीतली सगळ्यात चांगली चादर काढून दिली. तिच्यावर ताटाएवढे गुलाब होते.

"मास्टर, तस्वीर एकदम साफ है," सलीमचाचा म्हणाले. "फक्त चादर जरा फूलवाली पडली."

ओसरीत चाळीस माणसं. मी चादरीजवळ हातात पट्टी घेऊन उभा. (शिक्षकाला पट्टीशिवाय उभं राहता येत नाही.)

"ही शर्यत किती वेळ चालंल रं?" आत्यानं विचारलं.

"बावीस सेकंद."

"बावीस सेकंद? अन् त्यापायी लेकरू इमानात बसून गेल्तं?"

आता सगळा प्रश्न अमोलला ओळखायचा होता. खेळाडूंची एकेक करून ओळख करून देत होते, नेमकं तेव्हाच आमचं नेट गोल गोल फिरत बसलं. चित्र परत आलं तोवर दहाही जण टोप्या-गॉगल चढवून ओट्यांवर वाकले होते, आणि वाकलेला माणूस कुठल्याही देशाचा असला तरी सारखाच दिसतो. पण अमोलचा मेसेज माझ्याकडं होता : 'भाऊ, लेन ४. निळी टोपी.'

"चार नंबर! मोजा!" मी पट्टी उगारली.

"बराबर मोज," आप्पा म्हणाले. "खळ्यावर मोजतो तसं."

खळ्यावर धान्य मोजताना आमच्याकडं पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मी काठापासून पट्टी टेकवत गेलो आणि सगळी ओसरी माझ्याबरोबर ओरडली, "लाभ! दोन! तीन! चार!"

चौथ्या माणसाची टोपी निळी होती. तो बरोबर एका गुलाबाखाली उभा होता.

"तो गुलाबाखालचा आपला!" मी जाहीर केलं.

"वाळला गं बाई," आत्या हळहळली.

भोंगा वाजला. दहाही जण पाण्यात गेले आणि ओसरीत हलकल्लोळ उडाला. "चल रे अमोल!" "मार हात!" "गुलाब, गुलाब!" पन्नास मीटरवाले श्वास घ्यायला डोकं जवळजवळ वर काढतच नाहीत, हे मी समजावून सांगायचं विसरलो होतो.

"अरे डोकं वर काढ ना रं!" आत्या किंचाळली. "बुडून राह्यलं लेकरू! मास्तर, सांग त्याला!"

मी कुणाला सांगणार? मी स्वतःच श्वास रोखला होता. शेवटच्या दहा मीटरला चार जण एका ओळीत होते, चार बैल एका जुवाला जुंपल्यासारखे. कोण पुढं, कोण मागं, काही कळेना. आप्पा उठून उभे राहिले. मी त्यांना शेतातल्या आगीसाठीही इतक्या जल्दी उठताना पाहिलेलं नव्हतं. आणि गुलाबाखालच्याचा हात भिंतीला सगळ्यांच्या आधी लागला. बोटभर आधी, पण आधी!

"पहिला!" मी ओरडलो. "अमोल पहिला!"

सलीमचाचांनी त्या आनंदात जी उडी मारली, ती थेट वायरीवर. प्रोजेक्टर गेला. त्याला जोडलेला सलीमचाचांचा फोन टेबलावरून खाली पडून बंद झाला. निकालाचा फलक आला असेलही. आम्ही तो पाहिला नाही. पाहायची गरजच काय होती? पदवीधर माणसानं स्वतः सांगितलं होतं!

देवापुढं डोळे मिटून बसलेली आई तेवढ्यात बाहेर आली. "चालू झाली का?"

पुढचं सगळं फार वेगानं झालं. कुणीतरी हलगी आणली. कुणीतरी गुलाल आणला. आप्पांनी सलीमचाचांना मिठी मारली आणि दोघं एकमेकांच्या खांद्यावर रडले. मग आप्पांनी डोळे पुसले, फोन काढला आणि कंपनीतल्या मावसभावाला लावला.

"पोरगं येणार न्हाई म्हणावं सोमवारी. बिलकुल न्हाई. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. आमच्याला आता फुरसत न्हाई!"

मिरवणूक मारुतीच्या पारावर गेली. सरपंचांनी तिथूनच कुंभार पिंपळगावच्या फ्लेक्सवाल्याला फोन करून मोठा बोर्ड सांगितला. "फोटो पायजे," ते म्हणाले, म्हणून मी माझ्या फोनमधला आम्हा दोघा भावांचा एक फोटो पाठवून दिला. पेढे आले, संपले, पुन्हा आले. मग माझ्या हातात देवळाचा माईक आला. माईक हातात आला की मला दोन वाक्यांत थांबता येत नाही. मी अमोलच्या पोहण्याचं तंत्र समजावून सांगितलं. शेवटच्या दहा मीटरला त्यानं काय विचार केला असेल, तेही सांगितलं. (एका अनोळखी परदेशी माणसाच्या डोक्यातले विचार मी अर्धा गाव जमवून मराठीत सांगत होतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.)

इतक्यात माझा फोन वाजला. अमोल!

"ऐका! स्वतः सुवर्णवीर बोलतोय!" म्हणून मी फोनचा स्पीकर लावला आणि माईकला चिकटवला.

चारी दिशांच्या कर्ण्यांतून अमोलचा आवाज आला.

"भाऊ... हुकलं रे. चौथा आलो. आप्पाला एवढ्यात सांगू नको."

हलगी थांबली. आप्पा माझ्यापासून दोन हातांवर होते, कपाळापासून बनियनपर्यंत गुलालात. हातातला पेढा त्यांनी अर्धा खाल्लेला होता. उरलेल्या अर्ध्याचं काय करावं, हे त्यांना कळेना.

"अरे पण गुलाबा... चार नंबर पहिला आला ना!" मी म्हणालो.

"चार नंबर मी होतो, भाऊ. पहिला आला तो तीन नंबर. तू काठावरून मोजलंस का? इथं लेन शून्यापासून असतात. शून्य ते नऊ."

"शून्यापासून कोण मोजतं?" आप्पा गरजले. ते माईकवर आलं. "खळ्यावर कुणी शून्य म्हणलं, तर त्याला हाकलून द्यायचं असतं!"

सगळं गाव माझ्याकडं पाहत होतं. मी दरवर्षी सहावीच्या वर्गाला छाती फुगवून सांगतो, की शून्य ही आपल्या देशाची जगाला देणगी आहे. ती देणगी जगानं वापरली होती. मी विसरलो होतो.

"म्हंजी पेढे कुणाचे वाटले आपण?" आत्यानं विचारलं.

"जाऊ द्या ना, अक्का," सलीमचाचा म्हणाले. "किसी का तो बेटा जीता!"

पण आप्पा हसले नाहीत. मला माहीत होतं ते कशाचा हिशेब लावत आहेत. तिघांत नाही, म्हणजे पोहणं बंद. आणि नोकरी तर त्यांनी स्वतःच्याच तोंडानं पाऊण तासापूर्वी परत केली होती. दोन्हीकडून गेलं, आणि दोन्हीकडं माझंच बोट. मी माईक बंद करायचं बटण शोधत होतो. ते सापडलं नाही.

आप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. माईक माझ्या दुसऱ्या हातात तसाच.

"अमोल."

"आप्पा?" पलीकडं अमोलचा आवाज एकदम बारीक झाला.

"कितीनं हुकलं?"

"सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यानं. तिसरा आणि मी..."

"ते मला कळत न्हाई. जागेत सांग. किती जागा?"

अमोलनं थोडा विचार केला. "दोन बोटं, आप्पा. जेमतेम दोन बोटं."

आप्पांनी स्वतःची दोन बोटं जुळवून डोळ्यांसमोर धरली. बराच वेळ धरली. आमच्या गावात लहान पोरालाही माहीत आहे, की वरच्या शेताच्या बांधावरून आप्पांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा दावा कोर्टात अकरा वर्षं चाललेला आहे. नांगर किती आत आला, एवढाच त्यातला वाद.

"दोन बोटं?" आप्पा म्हणाले. "दोन बोटांच्या बांधापायी मी अकरा वर्षं तारखा करून राह्यलो. उन्हात गेलो, पावसात गेलो, तुझ्या मायला तापात सोडून गेल्तो. अन् तू दोन बोटं सोडून बियाण्याच्या कंपनीत येतो? आपल्या खानदानात दोन बोटं कुणी सोडली का आजवर?"

"न्हाई, आप्पा."

"मंग थांब तिथंच! म्हंजी पुण्याला. ती दोन बोटं घेतल्याबिगर घरी यायचं न्हाई. दिवाळीला ये, पण मंग परत जायचं."

"आप्पा..."

"अन् आयक. नखं वाढव."

गर्दीत पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही. पण मग सगळा पार हसला. स्वतः तो चुलतभाऊही हसला. (तो पेढे खायला आला होता. कोर्ट कोर्टाच्या जागी.) हलगीवाल्यानं विचारलं, "आप्पा, आता काय करू?"

"वाजव की! जगात चौथा आलाय. ह्या गावात आजवर तालुक्यात चौथं कोण आलंय?"

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत आई पुढं आली. तिनं फोन घेतला आणि दिवसभरात कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला.

"जेवला का रं?"

"न्हाई गं आई." आणि मग अमोल हुंदका देऊन रडला, आणि मग जेवायला गेला.

रात्रीतून गावाला सगळं समजलं होतं. ते समजलं नव्हतं फक्त फ्लेक्सवाल्याला. सकाळी रस्त्याच्या फाट्यावर वीस फुटी बोर्ड उभा राहिला : 'आंतरराष्ट्रीय सुवर्णवीर'. आणि त्याखाली मी! दोघांच्या फोटोत मी पुढं उभा होतो, म्हणून त्यानं खेळाडू मलाच धरलं आणि मागच्या अमोलला कापून टाकलं. पोट लपवायला त्यानं तिरंगा वापरला, तरी ते पुरं लपलं नाही. मी तो बोर्ड उतरवायला निघालो, तर आप्पा म्हणाले, "राहू दे. कुणी का असंना, खानदानातलाच हाये."

आता अडचण अशी, की मला पोहता येत नाही. लहानपणी अमोल विहिरीत सूर मारायचा आणि मी पायरीवर बसून त्याचे कपडे सांभाळायचो. पण त्या फाट्यावरून आष्टीपर्यंतची माणसं जातात. आठवडाभरात तीन आया पोरांना घेऊन शाळेत आल्या. "सर, बोर्ड पाह्यला. आमच्याला बी शिकवा." मी खरं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "किती साधा माणूस हाये!"

शेवटी दुसरा मार्ग उरला नाही. गेला महिनाभर मी रोज सकाळी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून, सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभा राहून, आमच्याच विहिरीत उतरतो. आप्पा काठावर बसून शिकवतात. पोरांचे डबे सुटले, माझा आहे. तरी परवा मी पहिल्यांदाच या काठापासून त्या काठापर्यंत एकटा गेलो. पायऱ्या धरून, धापा टाकत वर आलो आणि मोठ्या आशेनं विचारलं, "आप्पा, किती वेळ लागला?"

आप्पा म्हणाले, "कसं सांगू? कॅलेंडर घरी राह्यलं."